सैपाकघरावरचं झाड

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "धर्माभाऊ, जन्म झाडावर काढलात, त्यातल्या गमतीजमती लिहा. जरा हलकंफुलकं." मी म्हटलं, नारळ डोक्यात पडतो तेव्हा तो हलका लागत नाही. मला राग आलाय, आणि तो काही आजकालचा नाही. ते म्हणाले, मग रागाचंच लिहा. म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत बसलो त्या वर्षी बाप झाडावरून उतरला तो पुन्हा चढला नाही, आणि त्याचा कोयता माझ्या कमरेला आला. शुद्धलेखन संपादकांनी बघावं. शब्द मात्र एकही बदलायचा नाही, असं त्यांच्याकडून चहाच्या कपावर कबूल करून घेतलंय.

माझा धंदा नारळ पाडण्याचा. मुरुडपासून वरखाली जेवढ्या वाड्या आहेत, वाड्या म्हणजे आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागा, त्यातल्या निम्म्या झाडांना माझ्या पायाची ओळख आहे. पायात काथ्याचं वळं अडकवायचं, कमरेला कोयता, दोन हात खोडाला, आणि बेडकासारखं वर सरकायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, नारळ पाडणारा म्हणजे नारळ पाडतो आणि पैसे घेऊन जातो. ते निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे झाडाचं डोकं साफ ठेवणं. सुकलेली झावळं काढायची, किडकी पोय, म्हणजे फुलोरा, काढायची, भुंगा लागला का बघायचं, आणि खाली उतरून मालकाला खरं सांगायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. त्याचे पैसे कोणी देत नाही आणि ते ऐकायलाही कोणाला आवडत नाही.

मांडव्याकडचा एक बंगलेवाला मला बोलवायचा. नारळ राहू द्या म्हणायचा, पाहुण्यांना पिवळे घड बघायला बरे वाटतात. मी म्हटलं, साहेब, हे घड खाली येणार आहेत, मी आणले तर माझ्या वेळेला, नाहीतर त्यांच्या वेळेला. ते त्यांच्या वेळेला आले, गाडीच्या काचेवर. फोन करून मला विचारतो, "ह्याची तक्रार कुठे करायची?" मी म्हटलं, वर. तो अजून रागावलेला आहे. पण त्याचं एक बरं होतं, त्याची काच फुटली, माणूस नाही.

माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग आमच्यावर आहे.

आमच्याकडे एक रिवाज आहे. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावानं नारळ लावायचा. हिंदू असो, मुसलमान असो, वाडीवाला असो की कोळी. नाळ पुरायची, वर रोप लावायचं. आणि रोप लावायचं कुठं, तर सैपाकघराच्या मागं, मोरीचं पाणी जिथं जातं तिथं. बाळाच्या आंघोळीचं पाणी त्याच्या झाडाला मिळालं पाहिजे. पुढं भांड्यांचं मिळतं, तांदळाचं धुवण मिळतं. झाड असं खातंपितं की बघायला नको. वाडीतल्या झाडापेक्षा ह्याचा बुंधा जाड, ह्याचं डोकं मोठं. आणि ते वाढतं भिंतीला लागून, म्हणून उजेडासाठी एका अंगाला कलतं.

आता दुसरी गोष्ट. वादळ आलं की आमची माणसं कुठं बसतात? सैपाकघरात. तिथं चूल, तिथं ऊब, तिथंच देव्हारा. छप्पर खाली उतरलेलं असतं म्हणून वारा कमी वाटतो. सगळं घर गोळा होऊन चुलीपुढं बसतं. म्हणजे गावातलं सगळ्यात जड डोक्याचं, सगळ्यात कललेलं झाड, आणि त्याच्या बरोबर खाली सगळी माणसं. ही चूक जगात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. आम्ही ती बापजाद्यांपासून प्रेमानं करत आलोय.

मला हे कधी कळलं ते सांगतो. मी तिशीत होतो. पावसाळ्याच्या तोंडाला मोठं वारं झालं आणि मला शेजारच्या गावात बोलावलं, घरावरचं झाड उचलायला. थोरल्या मुलाचं झाड होतं, बरोबर सैपाकघरावर. आम्ही दोर लावून खोडाचे तुकडे केले, कौलं उचलली. चुलीवर भाताचं पातेलं जसंच्या तसं होतं, झाकणसुद्धा हललं नव्हतं. त्याच्याजवळ बसलेली बाई गेलेली होती. ओटी शाबूत, माजघर शाबूत, पडवीत टांगलेली टोपीसुद्धा शाबूत. तिचा नवरा मला म्हणत होता, "आमी सगळी आतच होतो रे, बाहेर कोणीच न्हवतं." त्याला ते अजून सुरक्षित वाटत होतं.

त्या दिवसापासून मी ज्या घरात नारळ पाडायला गेलो, तिथं एक प्रश्न विचारत आलो. हे झाड कोणाचं? आणि मुलाचं आहे म्हणाले की सांगायचो, काढून टाका. काढायचं म्हणजे बुंध्यात घाव घालून आडवं पाडायचं नाही, घराजवळ तसं करत नाहीत. आधी डोकं उतरवायचं, मग वरून एकेक तुकडा कापत, दोराला बांधून खाली सोडायचा. पुरं दिवसभराचं काम. लोक ऐकून घ्यायचे आणि चहा पुढं करायचे. काही जणी तर मुलाला पदराखाली घ्यायच्या, जणू मी त्यालाच कापायला आलोय.

एकच बाई निघाली. मुरुडच्या मोहल्ल्यातली अमिना चाची. तिचा मुलगा कुवेतला. त्याचं झाड सैपाकघरावर असं वाकलं होतं की झावळ कौलावर घासायची. मी भीतभीतच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काट दो, भाऊ."

मी म्हटलं, "चाची, सलीमचं झाड हाय. त्याला विचारायला नको?"

"सलीम कुवेतला हाय," ती म्हणाली. "झाडात न्हाय."

एवढं एक वाक्य. मी ते पुढं किती ओट्यांवर सांगितलं, कोणी हसलं, कोणी "त्यांच्यात चालत असेल" म्हणालं. काय चालत असेल? मुलं त्यांच्यात स्वस्त असतात?

आता माझ्या व्याह्यांकडे येतो. रागाचं मूळ तिथंच आहे.

माझी एकुलती मुलगी वनिता खाडीपलीकडच्या गावात दिली. जावई महेश, उरणला ट्रेलर चालवतो, सरळ मुलगा. व्याह्यांना सगळं गाव नाना म्हणतं. नाना सातवी पास, एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेले, वाचनाचा शौक. दर दिवाळीला हाच अंक विकत घेतात आणि ओटीवर आरामखुर्चीत बसून घरादाराला मोठ्यानं वाचून दाखवतात. ऐकायला बायकांनी माजघराच्या दारात बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हाच मी ते झाड बघितलं होतं. महेशचं. सैपाकघराच्या मागं, मोरीला लागून, शेंडा बरोबर चुलीवर. बैठकीत मानपानाचं चाललं होतं आणि माझं लक्ष खिडकीतून खोडाकडे. वनिताची आई मला कोपरानं ढोसत होती.

मुलीच्या बापानं व्याह्याच्या घरात आवाज चढवायचा नसतो. तरी मी दरवर्षी, मे महिन्यात, नारळ पाडायच्या निमित्तानं जायचो आणि हळूच विषय काढायचो. नाना हसायचे. "धर्माभाऊ, तुमाला कुठलंबी झाड दिसलं की तुमचा कोयता शिवशिवतो. हे धंद्याचं झाड न्हाय." पुढं नात झाली, आरोही. ती त्या झाडाखालीच रांगली. मी नारळ पाडून घ्यायचो आणि घरी यायचो. घरी आल्यावर बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, नारळ बरे आहेत.

मग एका वर्षी शाळेत आपत्तीच्या तयारीचं शिबिर झालं. तालुक्याहून एक मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या वनिताएवढ्या. मी तिथं मुद्दाम गेलो, नानांच्या गावाला, एस.टी. करून. मॅडम चांगलं बोलल्या. एक पिशवी भरून दाराजवळ ठेवा, त्यात कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, औषधं, बॅटरी, पाणी, लहान मुलाचं खाणं. कोणी म्हाताऱ्यांना धरायचं, कोणी गुरं सोडायची, हे आधी ठरवा. पक्क्या इमारतीत या, शाळा उघडी असेल. त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शिकलेल्या माणसांवर तोंडसुख घ्यायची आमच्यात खोड आहे, पण त्या दिवशी त्या बरोबर होत्या आणि आम्ही बिस्किटाचे पुडे वाटतात का बघत बसलो होतो.

मी उभा राहिलो. "मॅडम, वादळात ही लोकं घरात कुठं बसतात, ते विचारा त्यांना."

मागून कोणीतरी म्हणालं, "चुलीपुढं. भजी तळायला." सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झाडाखालची खोली असेल तर तिथे अजिबात बसू नका."

तेव्हा पहिल्या रांगेतून नाना उठले. सावकाश, टोपी नीट करत. "मॅडम, हे माझे व्याही. ह्यांचं मनावर घेऊ नका. आमच्या घराला झाडाची भीती न्हाय. आमचं झाडच आमाला राखतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. मुलीचा बाप होतो ना.

पुढच्या जूनमध्ये ते वादळ आलं. नाव सगळ्यांना माहीत आहे, मी काही त्याला मान देणार नाही. आदल्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर इशारे, बंदरावर बावटा, कोळ्यांनी होड्या ओढून पार रस्त्यापर्यंत आणल्या. आणि सगळ्यांना एकदम धर्मा आठवला. लॉजवाला गाडी घेऊन दारात, दुप्पट देतो म्हणाला, माझ्या गेटवरची झाडं आधी कर. मी म्हटलं, तुझ्या गेटखाली कोण जेवायला बसतं? माझा नेम ठरलेला होता. ज्या झाडाखाली चूल, ते आधी. गावातली तसली झाडं हातावेगळी केली आणि शेवटच्या एस.टी.नं खाडीपलीकडे गेलो.

नाना अंगणातच होते, पेंढ्याच्या वळईवर ताडपत्री बांधत.

"नाना, आज परवानगी द्या," मी म्हटलं. "तोडत न्हाय. नुसतं डोकं हलकं करतो."

"म्हंजे काय करणार?"

"नारळ काढतो. झावळं काढतो. वाऱ्याला धरायला काय ठेवत न्हाय."

"नारळ काढा. झावळांना हात लावायचा न्हाय."

"नाना, वारा झावळालाच धरतो. नारळाला न्हाय."

"पोर उरणला, आणि त्याच्या माघारी त्याच्या झाडाला सासऱ्याचा कोयता?" नाना दोरी टाकून समोर आले. "गाव काय बोलंल?"

"गाव वादळ गेल्यावर बोलंल. बोलायला ऱ्हायलं तर."

विहीणबाई दारात होत्या. "शुभ बोला, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मी वळं पायात घातलं. नाना बजावत होते, नारळ फक्त, नारळ फक्त. मी वर गेलो. आधी नारळ काढले, दोरानं खाली सोडले. मग शेंड्यात बसून खाली बघितलं. बरोबर पायाखाली सैपाकघराची कौलं. कौलांतून चुलीचा धूर येत होता, माझ्या नाकाडोळ्यांत जात होता. शेंडा आत्ताच हेलकावे घेत होता, आणि खरं वारं अजून समुद्रात होतं. आरोही अंगणातून हात करत होती, "आबा, मला शहाळं." मी पहिलं झावळ तोडलं.

खालून नानांचा आवाज. "धर्माभाऊ, हात आवरा."

दुसरं तोडलं.

"खाली या म्हणतो मी."

"येतो. काम झाल्यावर."

"मी ह्या घराचा मालक सांगतोय, खाली या."

"मग वर येऊन सांगा," मी म्हटलं.

वर चढलेल्या माणसाला खाली कोण आणणार? जन्मात पहिल्यांदा मी त्या घरात उंच जागी होतो. एकेक झावळ तोडून अंगणाच्या बाजूला सोडत गेलो. पोया काढल्या. मधला सुईसारखा कोंब तेवढा ठेवला आणि त्याला धरून दोन-तीन कोवळी पानं, म्हणजे झाड मरत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, नारळाचं झाड पडतं ते त्याच्या डोक्यामुळं. डोक्यात वारा भरला की खोड मुळासकट उपटतं. डोकं नसलेला खांब वारा सोडून देतो. झावळं पुन्हा येतात. वर्ष-दीड वर्ष उत्पन्न बुडतं, एवढंच.

खाली आलो तर विहीणबाई मोरीच्या दगडावर बसून रडत होत्या. "जित्या पोराचं डोकं भादरलंत, भाऊ." आमच्यात बाप गेला की मुलाचं मुंडण करतात. नाना जिते, महेश जिता, आणि महेशचं झाड बोडकं उभं. मला ते वर असताना सुचलं नव्हतं, खरं सांगतो. पण सुचलं असतं तरी मी थांबलो नसतो.

नानांनी अंगणातल्या नारळांकडे बोट केलं. "हे नारळ उचला. सगळे. आणि चालते व्हा. ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा न्हाय."

मी नारळ पोत्यात भरले. वनिता मागच्या बाजूला भांडी आत घेत होती. तिला म्हटलं, "उद्या आरोहीला घेऊन शाळेत जा. न्हाय सोडलं तर माजघरात बस. सैपाकघरात बसायचं न्हाय."

ती म्हणाली, "आप्पा, मी तुमचीच पोर हाय. मला कळतं. पण त्यांना सांगणार कोण?"

हे मॅडमच्या पिशवीत नव्हतं. मिळाला तो टेम्पो धरून पोत्यासकट रात्रीच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी भरदिवसा ते आलं. आम्ही दोघं गावातल्या शाळेत. झाडं पडताना मी कानानं ओळखत होतो. सुपारी काडकन मोडते. नारळ मोडत नाही, तो आधी जमिनीत कण्हतो, मग पडतो. काही वेळानं ओळखायचं सोडून दिलं. शेवटी नुसता एकच आवाज उरला. बायको म्हणाली, "वनिता कुठं बसली असंल?" फोन केव्हाच मेले होते.

उजाडलं तसा कोयता घेऊन निघालो. रस्ता म्हणून काही उरलाच नव्हता. वाड्याच्या वाड्या कोणी फणी फिरवावी तशा एका अंगाला निजलेल्या. ज्या झाडांवर मी आयुष्य काढलं ती ओलांडत, तोडत चाललो होतो. वाटेत माणसं विचारायची, कुठं? मी सांगायचो, मुलीकडे. मग ती बाजूला व्हायची, दोघेचौघे हात लावायचे, फांदी सरकवायचे. पूल ओलांडून चढावर आलो आणि त्यांच्या गावाकडे नजर गेली. हिरवं काही दिसत नव्हतं. आडव्या पडलेल्या वाड्यांमध्ये एक बोडका खांब उभा होता. मी तिथंच दगडावर बसलो.

घरी पोचलो. ओटीचे पत्रे उडाले होते, कौलं फुटली होती, वाडी सगळी आडवी. माणसं सगळी उभी. आणि नाना? नाना झाडाच्या बुंध्याशी होते. झाडाला हळदकुंकू लावलेलं, समोर उदबत्ती, नारळ फोडून झालेला. मी उंबरा न ओलांडता बाहेरूनच मागच्या अंगाला गेलो. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बघितलंत? तुमी त्याचं डोकं भादरलंत, तरी ते हाललं न्हाय. महेशनं घर राखलं."

तरी. हा शब्द मी तेव्हापासून चावतोय.

वनितानं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी हळूच विचारलं, "कुठं बसलेलात?"

"सैपाकघरात," ती म्हणाली. "नाना बोलले, सगळ्यांनी झाडाच्या सावलीत बसायचं. मी आरोहीला मांडीवर घेऊन माजघराच्या दारात बसली. एक पाय आत, एक पाय बाहेर. तेवढंच माझ्या हातात होतं, आप्पा."

मी तांब्या तसाच तिच्या हातात परत दिला.

लोकहो, पिशवी भरा, बॅटरी ठेवा, सगळं करा. पण त्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. त्या दिवशी कोणाचं ऐकायचं? आमच्या घरांत हे कोणी ठरवत नाही, कारण ते ठरलेलंच असतं. म्हातारा बोलेल ते. म्हातारा मीपण आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. ज्याला धोका दिसतो त्याला त्या दिवशी बोलता आलं पाहिजे. सून असो, कुणी असो. माझी मुलगी नारळ पाडणाऱ्याची पोर, झाडाचा कल तिला चालता-बोलता दिसतो, आणि तिला अर्ध्या उंबऱ्यापुरतीच परवानगी.

महेशचं काय, असं कोणी विचारेल. त्याचंच तर झाड. तो मला मुरुडच्या स्टँडवर भेटला होता. म्हणाला, "आप्पा, मला ते झाड नको हाय. तुमी केलंत ते बरं केलंत. पण नानांपुढं मी कसं बोलू?" भरलेला ट्रेलर घाटातून उतरवणारा मुलगा. बापापुढं त्याची जीभ उतरत नाही. मी त्याला चहा पाजला.

तेव्हापासून मी त्या घरात गेलेलो नाही. वनिता माहेरी येते, तिच्याकडून कळतं. झाडाला आता चुन्याचा पट्टा मारलाय. दिवाळीला त्याच्यावर विजेची माळ सोडतात. कोणाला नारळ काढायलासुद्धा चढू देत नाहीत, आपोआप पडतील ते प्रसाद. डोकं पुन्हा भरलंय, पूर्वीपेक्षा जड. आणि गेल्या खेपेला आरोही खेळता खेळता म्हणाली, "आबा, बाबांच्या झाडातून भुसा पडतो. पिठासारखा." तिला ती गंमत वाटत होती. पिठासारखा भुसा म्हणजे भुंगा आत पोचला. खोड पोखरतंय. वरून हिरवं दिसतं आणि आतून नळी होते. तसल्या झाडाला वादळ लागत नाही. साधा श्रावणातला वारा पुरतो.

माझा गुडघा गेलाय, मी आता चढू शकत नाही. व्याह्याला फोन केला तर तो विहीणबाई उचलतात आणि "हे झोपलेत" सांगतात. निरोप धाडले, ते पोचले नाहीत. संपादक अंकासाठी आले तेव्हा मी लगेच का हो म्हणालो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. बाकीच्यांनी इथं थांबलं तरी चालेल. पुढचं एकट्या माणसाला आहे.

नाना, तुम्ही हे ओटीवर बसून मोठ्यानं वाचताय. पान उलटू नका. सगळं घर ऐकतंय, मध्येच थांबलात तर का थांबलात ते विचारतील. तुम्ही त्या दिवशी नारळ उचला म्हणालात, मी उचलले. त्यातला एक मी खाल्ला नाही. पुरला. त्याला कोंब आला. आता तो माझ्या कुंपणाशी उभा आहे, घरापासून लांब, आडवा पडला तरी छपराला लागणार नाही एवढा लांब. त्याचं डोकं मी दरवर्षी खालूनच साफ करतो, तेवढं अजून जमतं. महेशच्या झाडाचा वंश बुडालेला नाही. माझी पोर तुमच्याकडे आहे, तुमच्या झाडाचं पोर माझ्याकडे. माझ्याकडचं मी नीट राखलंय. तुमच्याकडचं बघा.

दिवाळी झाली की मी दोन चढणारे गडी आणि दोर घेऊन येणार. उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, मागच्या बाजूनं येईन. झाड तुकड्या-तुकड्यानं उतरवू, एक कौल फुटणार नाही. तुम्हाला बघवत नसेल तर त्या दिवशी बाजाराला जा. नको म्हणालात तरी येईन, मागच्या वेळेला तुम्ही बघितलंयत. आणि खोड उतरल्यावर त्याच्या आतला पोकळ भाग तुमच्या आरामखुर्चीसमोर आणून ठेवीन. मग मला काय बोलायचं ते बोला.

आणि वनिता, तू दारात बसून ऐकत असशील. तोवर वारा उठला तर दुसरा पायपण बाहेर काढ. आरोहीला घे आणि सरळ शाळेकडे चालू लाग, कोणाला विचारायला थांबू नको. कोणी रागावलं तर माझं नाव सांग.